बाहेर, आत, पुन्हा बाहेर: एका माशाच्या गोष्टीतून मानसशास्त्र

शाळेचा पहिला दिवस. पोरगं उजाडल्यापासून उड्या मारतंय, बापाला ढोसून ढोसून उठवतंय. बाप एकदाचा उठतो, पण घराबाहेर पडण्याची त्याची एक ठरलेली रीत आहे. दारातून डोकं बाहेर काढायचं, डावीउजवीकडे बघायचं आणि आत यायचं. मग पुन्हा बाहेर, पुन्हा आत. मग आणखी एकदा. आणि वाटलंच तर चौथ्यांदा करायलाही हरकत नाही, असं तो पोराला अगदी मनापासून समजावतो. पोरगं वैतागून जातं.

हे घर म्हणजे ऑस्ट्रेलियाच्या ग्रेट बॅरिअर रीफवरचं एक समुद्रफूल. बाप मार्लिन, पोरगा नीमो. दोघंही नारिंगी अंगावर पांढरे पट्टे असलेले क्लाउनफिश. पिक्सारचा 'फाइंडिंग नीमो' 2003 साली आला, अँड्र्यू स्टँटनने दिग्दर्शित केला, सर्वोत्कृष्ट ॲनिमेशनपटाचं ऑस्करही त्याला मिळालं. ज्यांच्या घरात लहान मूल आहे, त्यांनी तो किमान चार वेळा पाहिला असणार.

माझ्या भाचीने यंदा अकरावीला मानसशास्त्र घेतलंय. पहिल्याच आठवड्यात शाखांची यादी घेऊन आली. जैविक, विकासात्मक, बोधात्मक, सामाजिक, चिकित्सा वगैरे. "मावशी, हे सगळं मला एकच वाटतंय गं. पाठ करून टाकू का?" पाठ करण्यातलं वाईट असं की पाठ झाल्यावरही ते एकच वाटतं. मी तिला म्हटलं, वही मीट, सिनेमा लाव.

आपण शाखा म्हटलं की कपाटाचे कप्पे डोळ्यांसमोर आणतो: स्मृती या कप्प्यात, भीती त्या कप्प्यात. प्रत्यक्षात शाखा म्हणजे एकाच वागण्याला विचारलेले वेगवेगळे प्रश्न. मार्लिनचं ते आत-बाहेर करणंच घ्या. त्या क्षणी त्याच्या शरीरात काय चाललंय, हा एका शाखेचा प्रश्न. ही सवय त्याला लागली कशी आणि सुटत का नाही, हा दुसरीचा. अशा बापाच्या हाताखाली वाढणाऱ्या पोराचं काय होतं, हा तिसरीचा. शाळेतली बाकीची पोरं बघतायत म्हणून नीमो वेगळं वागतो का, हा चौथीचा. आणि या बापाला मदत कशी करायची, हा पाचवीचा. मासा तोच, दार तेच.

ताक फुंकून पिणारा मासा

सवय लागली कशी, ते सिनेमा सुरुवातीलाच सांगतो. मार्लिन आणि त्याची बायको कोरल यांनी नवं घर घेतलंय, दार उघडलं की समोर खोल निळं पाणी. गुहेत चारशेहून जास्त अंडी. तेवढ्यात बाराकुडा नावाचा एक शिकारी मासा येतो. मार्लिनला धक्का बसून शुद्ध हरपते. शुद्धीवर येतो तेव्हा कोरल नाही, अंडी नाहीत. एकच अंडं उरलंय, तेही तडा गेलेलं. ते कुशीत घेऊन तो म्हणतो, तुला मी कधीच काही होऊ देणार नाही.

दुधाने तोंड पोळलं की माणूस ताकही फुंकून पितो, असं आपण म्हणतो. मानसशास्त्राने याला सामान्यीकरण असं जडसं नाव दिलंय. भीती वाटायला हवी बाराकुड्याची. ती पसरत पसरत खोल पाण्यापर्यंत जाते, मग दारापर्यंत, मग शाळेपर्यंत. रशियन शास्त्रज्ञ पावलोव्हची कुत्री खाण्याआधी वाजणारी घंटा ऐकून लाळ गाळायला शिकली ते याच जातीचं शिकणं: दोन गोष्टी एकत्र घडल्या की एकीवरून दुसरीची चाहूल लागते. फरक एवढाच की इथे एकदाच घडलं आणि तेवढं पुरलं.

पण दूध थंड होऊन वर्षं लोटली तरी फुंकणं चालू का राहतं? बाराकुडा काही रोज येत नाही. मग भीती आपोआप ओसरायला हवी होती. होबार्ट माउरर या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने 1940च्या दशकात याचं दोन पायऱ्यांचं उत्तर दिलं. पहिली पायरी, भीती जडते. दुसरी पायरी, भीतीपासून पळाल्यावर जो सुटल्याचा निःश्वास येतो, तो पळण्यालाच बक्षीस ठरतो. मार्लिन डोकं बाहेर काढतो, पोटात गोळा येतो, आत येतो, बरं वाटतं. त्या बरं वाटण्याने 'आत येणं' आणखी पक्कं होतं. बाहेर थांबून काहीच वाईट होत नाही, हे कळायची संधी मात्र त्याला मिळतच नाही, कारण तो थांबतच नाही. कुलूप लावून जिना उतरल्यावर पुन्हा वर जाऊन ते ओढून बघणाऱ्यांना हे समजावून सांगायला नको. मी त्यातलीच.

नकोशी गोष्ट टळल्यामुळे वागणं पक्कं होतं, याला पुस्तकात ऋण प्रबलन म्हणतात. परीक्षेत निम्मी मुलं त्याची शिक्षेशी गल्लत करतात, कारण 'ऋण' शब्द ऐकला की काहीतरी वाईटच वाटतं. शिक्षेने वागणं कमी होतं, प्रबलनाने वाढतं. मार्लिनला कोणी शिक्षा करत नाहीये. त्याला दिवसातून दहा वेळा बक्षीस मिळतंय, आणि तोच घोळ आहे.

शरीराचा प्रश्न इथे पटकन उरकता येतो. धोका दिसला की हृदयाची धडधड वाढते, रक्त स्नायूंकडे वळतं, पचन थांबतं. वॉल्टर कॅननने गेल्या शतकाच्या सुरुवातीला याला 'लढा किंवा पळा' असं नाव दिलं. मेंदूत खोलवर बदामाच्या आकाराचा अमिग्डाला नावाचा भाग असतो, तो या धोक्याच्या घंटेत मोठी भूमिका बजावतो. ही घंटा चुकून वाजली तर थोडी दमणूक होते, वाजायला हवी तेव्हा वाजली नाही तर जीव जातो. त्यामुळे ती जरा जास्तच वाजावी, अशीच तिची घडण आहे.

जीवशास्त्राचा विषय निघालाच आहे म्हणून एक गंमत. क्लाउनफिशच्या गटात सर्वांत मोठा मासा मादी असतो, त्याखालोखालचा नर. मादी मेली तर तो नरच हळूहळू मादी होतो. म्हणजे खऱ्या समुद्रात कोरल गेल्यावर मार्लिन नीमोची आई झाला असता. पिक्सारवाल्यांनी ते सोडून दिलं. भाचीला मात्र अख्ख्या सिनेमातलं हेच सगळ्यात जास्त आवडलं.

"तुला वाटतं जमेल, पण जमत नाही"

नीमोचा एक पर, म्हणजे पोहायचा पंख, जन्मतःच लहान आहे. बाप त्याला 'नशीबवान पर' म्हणतो आणि दर पाच मिनिटांनी त्या नशिबाची चौकशी करतो. नीमो जरा धडपडला की लगेच तपासणी: माझ्या अंगावर पट्टे किती, सांग. तीन, नीमो सांगतो. बघ, म्हणजे काहीतरी झालंय, असं म्हणत मार्लिन स्वतःचे पट्टे मोजतो. एक, दोन, तीन. बरोबर आहे की!

डायना बॉमरिंड या संशोधिकेने 1960च्या दशकात पालकत्वाच्या ज्या तऱ्हा मांडल्या, त्यांच्या टीपा काढताना मार्लिनला कुठे बसवायचं यावर आमचा वाद झाला. हुकूमशहा? नाही, तो प्रेमळ आहे, ऐकून घेतो. मोकळं सोडणारा? छे. माया आणि धाक यांचा समतोल राखणारा? तेही नाही. माया भरपूर, पण ती पोराच्या जागी स्वतःच सगळं करून टाकते. हल्ली अशांना हेलिकॉप्टर पालक म्हणतात, सतत डोक्यावर घिरट्या घालणारे. आमच्या सोसायटीत संध्याकाळी सायकलींमागे धावणारे जेवढे बाप दिसतात, त्यातले निम्मे मार्लिन आहेत.

आता शाळेचा प्रसंग. रे गुरुजी, म्हणजे एक भलामोठा पाकट मासा, पोरांना पाठीवर बसवून रीफच्या कडेला नेतात. तिथे तळ संपतो आणि खोल समुद्र सुरू होतो. वर एक बोट थांबली आहे. नीमो आणि तीन वर्गमित्र चोरून कडेपर्यंत येतात, कोण किती पुढे जातो अशी चढाओढ लागते. नीमो काही फार पुढे गेलेला नसतो. तेवढ्यात मार्लिन येऊन सगळ्यांदेखत त्याला झापतो. तुला वाटतं तुला हे जमेल, पण तुला ते जमत नाही, या अर्थाचं काहीतरी बोलतो. नीमो पुटपुटतो, मला तुमचा राग येतो. आणि सरळ उघड्या पाण्यात पोहत जाऊन बोटीला हात लावून येतो. म्हणजे येणार असतो, वाटेत पाणबुड्या त्याला पकडतो.

हे असं उलटं का झालं? जॅक ब्रेम या सामाजिक मानसशास्त्रज्ञाने 1966 साली याला नाव दिलं. आपलं स्वातंत्र्य कोणी हिसकावतंय असं वाटलं की तीच मना केलेली गोष्ट करावीशी वाटते. मराठीत याला आपण सरळ 'इरेला पेटणं' म्हणतो. चारचौघांत बोललं की ईर दुप्पट होते. सवंगड्यांसमोर तोंड दाखवायचं असतं ना.

पण मला इथे त्या वाक्याचा दुसरा परिणाम जास्त महत्त्वाचा वाटतो. अल्बर्ट बंडुरा यांनी 1977 मध्ये 'मला हे जमेल' या भावनेवर एक प्रसिद्ध लेख लिहिला. ही भावना कुठून येते? त्यांच्या मते चार ठिकाणांहून: स्वतः करून जमल्याने, आपल्यासारख्याच दुसऱ्याला जमताना पाहून, कोणी धीर दिल्याने, आणि आपल्या शरीराची खूण ओळखल्याने, म्हणजे ही धडधड घाबरल्याची की उत्साहाची. मार्लिनने पहिले तीन रस्ते बंद केले. करू दिलं नाही, दुसऱ्यांचं बघू दिलं नाही आणि धीराच्या ऐवजी 'जमत नाही' सांगितलं. चौथ्या रस्त्यावर तो स्वतःच पोटात गोळा घेऊन उभा आहे.

मग नीमो पोहोचतो सिडनीतल्या एका दंतवैद्याच्या काचेच्या टाकीत. तिथे पाण्याच्या नळीत अडकतो. सगळे सोडवायला धावतात, पण गिल नावाचा व्रण पडलेला मासा म्हणतो, कोणी हात लावू नका. तूच आत गेलास, तूच बाहेर येशील. नीमो म्हणतो, माझा एक पर लहान आहे. गिल वळतो आणि स्वतःचा फाटका पर दाखवतो. मग कसं सुटायचं ते सांगतो, पण सोडवत नाही. नीमो सुटतो. बंडुरांचे पहिले तीन रस्ते दोन मिनिटांत उघडले. एक वाक्यही उपदेशाचं नाही. पटकथा लिहिणाऱ्यांनी बंडुरा वाचला होता की नुसती स्वतःची पोरं वाढवली होती, कोण जाणे.

या प्रसंगाची जोडी समुद्रात दूर कुठेतरी लागते. मार्लिन पोराच्या शोधात पूर्व ऑस्ट्रेलियन प्रवाहात कासवांबरोबर वाहत चाललेला असताना क्रश नावाच्या कासवाचं पिल्लू, स्क्वर्ट, प्रवाहाबाहेर फेकलं जातं. मार्लिन झेपावतो. क्रश त्याला थांबवतो: बघू तर, एकट्याने काय करतो. पिल्लू गटांगळ्या खात परत येतं, खूश होऊन. मार्लिनचा चेहरा त्या क्षणी पाहण्यासारखा आहे. पोरगं तयार झालंय हे कसं कळतं, असं तो विचारतो. क्रशचं उत्तर साधारण असं: कळत नाही, पण त्यांना कळलं की तुम्हालाही कळतं.

डोरी नेमकं काय विसरते

आता माझी लाडकी. वाटेत मार्लिनला डोरी भेटते, निळी टँग मासळी. ती म्हणते, हो हो, मी बोट पाहिली, चल माझ्यामागे. थोडं पुढे जाते, मागे वळून बघते, कोणीतरी आपला पाठलाग करतंय. चिडते. मार्लिन चक्रावतो. तेव्हा ती सांगते, मला शॉर्ट टर्म मेमरी लॉस आहे.

तिचं हे निदान चुकलेलं आहे. आणि इथेच बोधात्मक मानसशास्त्र, म्हणजे आपण लक्षात कसं ठेवतो, विचार कसा करतो याचं शास्त्र, सगळ्यात मजेदार होतं.

मानसशास्त्रात अल्पकालीन स्मृती म्हणजे काही सेकंदांची. कोणी ओटीपी सांगितला, तो टाइप होईपर्यंत डोक्यात राहिला, ती ही. डोरीची ती शाबूत आहे, नाहीतर तिला एक वाक्यही पुरं करता आलं नसतं. तिची दीर्घकालीन स्मृतीही बरीच शाबूत आहे: भाषा येते, वाचता येतं, नाव माहीत आहे, देवमाशाची बोलीसुद्धा येते असं तिचं म्हणणं. तुटलाय तो दोन्हींमधला पूल. नवं काही घडलं की ते कायमच्या कोठारात जातच नाही.

असा माणूस खरोखर होता. हेन्री मोलेसन. पुस्तकांत वर्षानुवर्षं तो फक्त 'एच. एम.' म्हणून यायचा. फिट्स थांबाव्यात म्हणून 1953 साली, तो 27 वर्षांचा असताना, अमेरिकेत हार्टफर्डला विल्यम स्कोव्हिल या शल्यविशारदाने त्याच्या मेंदूच्या दोन्ही बाजूंचा हिप्पोकॅम्पस आणि आजूबाजूचा भाग काढला. फिट्स कमी झाल्या, पण नव्या आठवणी तयार होणं बंद झालं. ब्रेंडा मिलनर या कॅनडातल्या संशोधिकेने त्याचा दीर्घकाळ अभ्यास केला आणि दर भेटीत तिला नव्याने ओळख करून द्यावी लागे.

मिलनरने एकदा त्याला 584 हा आकडा लक्षात ठेवायला सांगितला. पंधरा मिनिटांनी त्याने तो अचूक सांगितला. कसा? तो म्हणाला, फक्त 8 लक्षात ठेवा. 5, 8 आणि 4 यांची बेरीज 17. 17 मधून 8 वजा केले की 9. त्याचे दोन भाग 5 आणि 4. झालं की 584. सबंध वेळ तो हेच मनात घोळवत बसला होता. मग विषय बदलला, आणि मिनिटभरात आकडाच काय, आपल्याला असा काही आकडा सांगितला होता हेही तो विसरला.

आता डोरी आठवा. पाणबुड्याच्या मुखवट्यावर पत्ता आहे: पी. शर्मन, 42 वॉलबी वे, सिडनी. डोरी तो वाचते आणि जपमाळेसारखा ओढत राहते. पी. शर्मन, 42 वॉलबी वे, सिडनी. पी. शर्मन, 42 वॉलबी वे, सिडनी. मार्लिनचं डोकं उठतं. पण ती जे करतेय तेच एच. एम. करत होता. पूल तुटलाय म्हणून माल अलीकडेच हातात धरून ठेवायचा. हात सुटला की गेला. नीमोचं नाव तिला धरून ठेवता येत नाही. ती त्याला फाबिओ म्हणते, बिंगो म्हणते, एल्मो म्हणते.

आपल्याकडच्या सिनेमात डोक्याला फटका बसला की नायक स्वतःचं नाव, आई, प्रेयसी सगळं विसरतो आणि शेवटच्या रिळात दुसरा फटका बसला की सगळं परत. हॉलिवूडही याला अपवाद नाही. सॅली बॅक्सेंडेल या ब्रिटिश न्यूरोसायकॉलॉजिस्टने 2004 साली 'ब्रिटिश मेडिकल जर्नल'मध्ये सिनेमांतल्या स्मृतिभ्रंशाची अशीच झाडाझडती घेतली आणि मोजक्याच सिनेमांना शाबासकी दिली. त्यात एक होता हा. मोठमोठे नट हरले आणि एक निळी मासळी जिंकली.

एक जागा मात्र माझ्या डोक्यातून जात नाही. शेवटाकडे मार्लिनला वाटतं नीमो मेला. तो डोरीला सोडून निघतो. ती म्हणते, जाऊ नकोस, तुझ्याबरोबर असले की मला जास्त आठवतं. तुझ्याकडे बघितलं की घरी आल्यासारखं वाटतं. हे फक्त भावूक संवाद म्हणून सोडून देऊ नका. एडुआर क्लापारेद या स्विस डॉक्टरने 1911 साली अशीच एक रुग्ण नोंदवली आहे. तिला कालचं काही आठवत नसे. एके दिवशी त्याने बोटांत टाचणी लपवून तिच्याशी हस्तांदोलन केलं. पुढच्या वेळी तिने हातच पुढे केला नाही, आणि का ते तिला सांगता येईना. प्रसंग पुसला गेला, पण त्याची भावना मागे राहिली. टाचणीची राहते, तर मायेची का राहू नये?

त्यानंतर डोरी एकटी गोल गोल फिरत असताना तिला नीमो भेटतो, जिवंत. ती अर्थातच ओळखत नाही. मग सांडपाण्याच्या नळावर 'सिडनी' ही अक्षरं दिसतात, ती अडखळत वाचते, आणि सगळं धाडकन परत येतं: सिडनी, पत्ता, मार्लिन, नीमो. स्वयंपाकघरात कशाला आलो ते विसरायचं आणि पुन्हा हॉलमधल्या त्याच खुर्चीपाशी गेलं की आठवायचं, हा अनुभव सगळ्यांचा आहे. आठवण हरवलेली नसते, तिची खूण हरवलेली असते. गॉडन आणि बॅडली यांनी 1975 साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात पाणबुड्यांना शब्दांच्या याद्या काही वेळा किनाऱ्यावर आणि काही वेळा पाण्याखाली ऐकवल्या. जिथे ऐकलं तिथेच आठवायला लावलं तर जास्त शब्द आठवले. पाठ्यपुस्तकांचा हा लाडका प्रयोग. खरं सांगायचं तर 2021 साली तो पुन्हा करून पाहिला तेव्हा तसा फरक दिसला नाही, त्यामुळे उत्तरपत्रिकेत लिहा, पण आंधळेपणाने नको. आणि डोरीसारखा पूल तुटलेल्याला अशी खूण कितपत कामी येईल, याबद्दलही शंका घ्यायला जागा आहे. सिनेमाने इथे जरा सूट घेतली आहे. घेऊ द्या.

टोळी, शपथ आणि जाळं

सामाजिक मानसशास्त्राला एक शार्क, एक टाकी आणि एक जाळं पुरे.

ब्रूस नावाचा शार्क आणि त्याचे दोन दोस्त मासे खाणं सोडायची शपथ घेतात, सभा भरवतात. शेवटचा मासा खाऊन ब्रूसला तीन आठवडे झालेत, सगळे त्याचं कौतुक करतात. व्यसनमुक्तीच्या गटांची ही थट्टा आहे, पण गट का लागतो हेही त्यात दिसतं: चारचौघांत दिलेला शब्द मोडणं जड जातं. मग डोरीच्या नाकातून रक्ताचा थेंब येतो आणि ब्रूसचे डोळे काळे होतात. भाचीने लिहिलं, "हे अभिजात अभिसंधान", म्हणजे पावलोव्हच्या कुत्र्यांचं ते शिकणं. मी खोडलं. रक्ताच्या वासाला दिलेली ही प्रतिक्रिया शार्कला शिकावी लागत नाही, ती उपजत आहे. शिकलेली आहे ती शपथ, म्हणून तीच आधी गळून पडते.

टाकीतल्या माशांनी नीमोला आपल्यात घेण्यासाठी रात्री मोठा सोहळा केला. मंत्रघोष, खोटा ज्वालामुखी, बुडबुड्यांच्या भिंतीतून पोहत जायची अट. आत काही धोका नसतो, पण नीमो घाबरलेला असतो. पार पडल्यावर त्याला नवं नाव मिळतं आणि तो त्यांचा होतो. ॲरन्सन आणि मिल्स यांनी 1959 साली असाच प्रश्न विचारला होता. काही विद्यार्थिनींना एका चर्चागटात प्रवेशासाठी लाजिरवाणे शब्द मोठ्याने वाचायला लावले, काहींना सौम्य, काहींना काहीच नाही. गटातली चर्चा मुद्दाम कंटाळवाणी ठेवली होती. ज्यांनी जास्त लाज सोसली, त्यांनाच ती चर्चा जास्त छान वाटली. एवढं सोसलंय म्हणजे ते मोलाचं असणारच, असं मन स्वतःला पटवतं. रॅगिंग सोसलेली मुलं पुढच्या वर्षी त्याच वसतिगृहाचं गुणगान गातात, त्यामागेही हेच मन आहे. त्याने रॅगिंग चांगलं ठरत नाही, हे वेगळं सांगायला नको.

जाळ्याकडे येतोच. आधी मार्लिनच्या उपचारांबद्दल.

दरीतून, दरीवरून नाही

त्याला पीटीएसडी, म्हणजे मोठ्या आघातानंतर जडणारा मानसिक विकार आहे, असं बरेच जण सहज म्हणून टाकतात. हे निदान अमेरिकन मानसोपचारतज्ज्ञांच्या अधिकृत यादीत 1980 साली आलं आणि त्याला ठरावीक निकष आहेत: किती दिवस, किती लक्षणं, जगण्यात किती अडथळा. पडद्यावरच्या माशाला ते लावणं हा खेळ म्हणून ठीक, शेजारच्या काकांना लावणं नाही. भाचीला मी बजावलं, हे शिकलीस म्हणून घरातल्या कोणाचं निदान करत फिरू नकोस. तिने आधीच आजीचं करून ठेवलं होतं.

निदान बाजूला ठेवू, पण घाबरणं सोडवायचं कसं, याचं उत्तर 1924 सालीच मिळालं होतं. मेरी कव्हर जोन्स यांच्याकडे पीटर नावाचा जेमतेम तीन वर्षांचा मुलगा होता, सशाला घाबरणारा. तो आवडीचं खात असताना त्यांनी पिंजऱ्यातला ससा खोलीच्या दूरच्या टोकाला ठेवला. रोज थोडा जवळ. शेवटी पीटर सशाच्या अंगावरून हात फिरवू लागला. भीतीपासून पळायचं नाही, तिच्या अंगावर एकदम उडीही टाकायची नाही. सोसवेल तेवढं जवळ जायचं आणि थांबायचं. थांबलं की मार्लिनला कधीच न मिळालेली ती संधी मिळते: काही झालं नाही, हे कळायची.

सिनेमात याची उलटी बाजू फार नेमकी आली आहे. माशांचा एक थवा डोरीला बजावून सांगतो, पुढे दरी लागेल, तिच्यातून जा, वरून जाऊ नका. दरी काळीकुट्ट, भीतिदायक. मार्लिन डोरीला चुकवून वरून नेतो, तिथे लखलखीत उजेड. आणि तिथे जेलीफिशचं रान. डोरीचा जीव जाता जाता वाचतो. टाळण्याची किंमत नेहमी अशी दुसऱ्याच कोणाच्या तरी खात्यातून जाते, हे मला त्या प्रसंगाने पहिल्यांदा नीट दाखवलं.

पुढे देवमाशाच्या तोंडात मार्लिन त्याच्या जिभेला लटकलेला असतो. देवमासा सांगतोय सोड, असं डोरी म्हणते. वाईट काही होणार नाही हे तुला कसं माहीत, तो ओरडतो. मला नाही माहीत, ती ओरडते. आणि तो सोडतो. याआधीच तिने त्याला एक साधी गोष्ट सुनावलेली असते: त्याला कधीच काही होऊ दिलं नाहीस, तर त्याच्या आयुष्यात कधी काही होणारच नाही.

आता जाळं. बापलेकाची भेट होते न होते तोच डोरी इतर शेकडो माशांबरोबर कोळ्यांच्या जाळ्यात सापडते. नीमो म्हणतो, मी आत जातो, सगळ्यांना एकदम खाली पोहायला सांगतो. मार्लिन म्हणतो, नाही, पुन्हा तुला गमावणार नाही. नीमो म्हणतो, बाबा, मला जमेल. मार्लिन बघत राहतो. मग म्हणतो, बरोबर आहे, तुला जमेल. चार शब्द, आणि शाळेच्या दिवशी उघड्या पाण्यात सगळ्यांदेखत जे बोलला होता त्याच्या बरोबर उलट. जाळ्यातले मासे एकमेकांना ओळखत नसतात, पण सगळ्यांना एकच हवं असतं, आणि एका दिशेने जोर लावल्यावर जाळं बोटीपासून तुटतं. मुझफ्फर शेरीफ यांनी 1954 साली ओक्लाहोमातल्या एका छावणीत भांडणाऱ्या पोरांच्या दोन टोळ्यांना असंच एका कामाला जुंपलं होतं. एकत्र आल्याशिवाय निभणारच नाही अशी कामं पुढ्यात ठेवल्यावर त्यांचं वैर निवळत गेलं.

शेवटी पुन्हा शाळेची सकाळ. या वेळी पोराला उठवतोय बाप. दाराशी आत-बाहेर काही नाही, दोघं शर्यत लावूनच निघतात. जॉन बोल्बी आणि मेरी एन्सवर्थ यांनी लहान मुलांच्या ओढीचा अभ्यास करताना 'सुरक्षित तळ' ही कल्पना मांडली: परत यायला भरवशाची जागा असली की मूल लांब जाऊन जग बघतं, मधेच तिथे येऊन टेकतं, आणि पुन्हा जातं. भाचीला ती व्याख्या काही केल्या आठवेना, म्हणून मी सिनेमा तिथे थांबवला. रे गुरुजींच्या पाठीवर पोरं चढलीयत. मार्लिन म्हणतो, जा, मजा कर. नीमो निघतो. मग थांबा, काहीतरी विसरलो, असं म्हणत उलटा पोहत येतो, बापाला मिठी मारतो, आणि पुन्हा जातो.

"हेच ना पहिल्यासारखं," भाची म्हणाली. "बाहेर, आत, पुन्हा बाहेर. फक्त या वेळी नीमो करतोय."

मी तिला वही उघडायला सांगितली.